बाबांच्या नावच्या तीन फेऱ्या

ती मैदानाच्या ऑफिसात पाकीट परत करायला गेली, तेव्हा खिडकीमागची बाई जेवायला उठली होती, म्हणून तो भेटला. बाई जागेवर असती तर दोन मिनिटांत काम उरकून ती पुढच्या बसने घरी गेली असती, आणि पुढचं काहीच झालं नसतं.

मैदान शहराबाहेर होतं. गाड्यांच्या शर्यतीसाठी बांधलेलं, पण शर्यती वर्षातून दोनदाच व्हायच्या. बाकीचे दिवस तिथे हौशी माणसं येत. असली परदेशी गाडी आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या हाताने चालवायची, असं ज्यांच्या मनात असे त्यांनी आधी नाव नोंदवायचं, ठरल्या दिवशी यायचं, डोक्यावर हेल्मेट चढवायचं आणि शिकवणाऱ्याला शेजारी बसवून तीन फेऱ्या मारायच्या. तिच्या हातातल्या पाकिटात तशाच तीन फेऱ्यांचं पत्र होतं. नाव तिच्या बाबांचं होतं.

बाबांनी तेहतीस वर्षं शहराची बस चालवली. थांब्यावर थांबा, गर्दीत मुंगीच्या पावलांनी. "माझ्या उजव्या पायाला फक्त ब्रेक ठाऊक आहे," असं म्हणायचे. एकदा सिग्नलला त्यांच्या बसशेजारी एक पोपटी रंगाची, माणसाच्या कमरेएवढी बुटकी गाडी येऊन थांबली. बाबा तिच्याकडे बघत राहिले. सिग्नल हिरवा झाला, गाडी निघून गेली, आणि मागचे सगळे प्रवासी ओरडेपर्यंत बाबांची बस जागच्या जागी. ही हकिकत त्यांनी घरी इतक्यांदा सांगितली की आई म्हणायची, माझ्याकडे एकदा तरी असं बघितलं असतंत तर संसार सोन्याचा झाला असता.

म्हणून त्यांच्या साठाव्या वाढदिवसासाठी तिने हे पत्र घेतलं होतं आणि कपाटात स्वेटरांच्या खाली लपवलं होतं. वाढदिवसाला अकरा दिवस होते. त्या दुपारी बाबा जेवून आडवे झाले. चार वाजता ती कप घेऊन उठवायला गेली आणि तो चहा तसाच परत आला. पाकिटाचं त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. याचंच तिला सगळ्यात जास्त लागलं होतं.

खिडकी रिकामी बघून ती घुटमळत होती, तेवढ्यात आतल्या दाराने एक जण फडक्याला हात पुसत बाहेर आला. अंगात डागाळलेला निळा डगला, केस हेल्मेटने चपटे झालेले. तिला वाटलं मेकॅनिक असेल. तो तिच्या अगदी समोर आला तेव्हा कुठे त्याला ती दिसली आणि तो केवढ्याने तरी दचकला.

"तुम्ही इथेच होतात?" त्याने विचारलं.

"मघापासून," ती म्हणाली.

तिने पत्र दिलं, झालं ते सांगितलं. सांगताना रडायचं नाही हे ती बसमध्येच ठरवून आली होती, आणि ते तिने बऱ्यापैकी पाळलं. तो ऐकत होता. ऐकताना सबंध चेहरा तिच्याकडे वळवून बघत होता. लोक दुःखाची गोष्ट ऐकताना नजर चुकवतात, घड्याळ बघतात, दाराकडे बघतात. हा मात्र तिच्याकडे असा बघत होता, जणू खोलीत दुसरं काही नव्हतंच.

"नाव बदलून मिळत नाही," तो म्हणाला. "तारीख बदलून मिळते."

"ज्यांचं नाव आहे तेच नाहीत. तारीख बदलून काय करू?"

त्याने पत्र परत एकदा वाचलं. "तुमच्या नावाचं पहिलं अक्षर काय?"

तिने सांगितलं. बाबांचंही तेच होतं.

"मग झालं की. यावर एक अक्षर आणि आडनाव एवढंच तर लिहिलंय. फेऱ्या तुमच्याच आहेत."

"मला असली गाडी येत नाही."

"कुणालाच येत नाही," तो म्हणाला. "म्हणून तर मला ठेवलाय."

तिथे सगळे त्याला मास्तर म्हणत. वय चौतिशीचं, मास्तर शोभावा असं त्याच्यात काही नव्हतं. पण दहा वर्षांत हजारभर माणसं त्याच्या शेजारच्या सीटवर बसून गाडी चालवून गेली होती आणि एकालाही खरचटलं नव्हतं, म्हणून ते नाव पडलं. ती काय करते म्हणून त्याने विचारलं. ती चष्म्याच्या दुकानात होती. यंत्रावर हनुवटी टेकवायला लावून लोकांचे नंबर काढायचे, काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या. तो म्हणाला, पण तुम्हाला तर चष्मा नाही. ती म्हणाली, हलवाई कुठे रोज पेढे खातो? त्या दिवसापासून त्याने तिचं नाव चष्मेवाली ठेवून दिलं.

ठरल्या शनिवारी ती गेली, तर आभाळ गळत होतं. पाऊस म्हणावा असाही नव्हता, नुसती चाळणीतून पडावी तशी भुरभुर. पण ओल्या रस्त्यावर नवख्यांना गाडी द्यायची नाही हा तिथला नियम. बाकीचे लोक कुरकुरत निघून गेले. मास्तर म्हणाला, तासाभरात उघडेल. तासाचे तीन झाले. पत्र्याच्या शेडमध्ये दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, समोर ताडपत्रीखाली झाकलेली गाडी, आणि पत्र्यावर सतत तो बारीक आवाज.

त्याने ताडपत्रीचं एक टोक उचलून दाखवलं. पोपटी रंग... तिने ओठ घट्ट मिटून घेतले. त्याच्या लक्षात आलं. त्याने ताडपत्री सोडून दिली आणि तो तिला गाडीबद्दल सांगायला लागला. इंजिन पुढे नाही, पाठीमागे आहे, दोन माणसांच्या पाठीला लागून. दार बाजूला उघडत नाही, वर जातं. मैदानावरचे लोक तिला राणीसरकार म्हणतात, कारण तिला गार झालेली चालत नाही, तापलेली चालत नाही, आणि कुणी जोरात दार लावलं तर दिवसभर रुसते.

"अशा किती बायकांना सांभाळता तुम्ही?" तिने विचारलं.

"चार आहेत. पण बोलता येणारी एकही नाही," तो म्हणाला, आणि मग जीभ चावून त्याने पत्र्याकडे बघितलं.

त्याच दुपारी कधीतरी अहोचं अरे-अगं झालं. कुणी आधी म्हटलं ते दोघांनाही नंतर आठवेना. तिने थर्मासमधला चहा ओतून कप त्याच्या बाजूने पुढे केला, आणि तो समोर बघत बोलतच राहिला. कप तसाच धरलेला. तिने खाकरून सांगितलं तेव्हा त्याने पटकन वळून हात घातला आणि अर्धा चहा तिच्या ओढणीवर सांडला. तो इतका ओशाळला की तिला हसू आवरेना. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली होती. घरी जाताना बसमध्ये ती ओढणीवरच्या डागाकडे बघत विचार करत होती, माणूस माझ्यामुळे एवढा गडबडतो तर...

पुढच्या आठवड्यात तो दुकानात आला. काळ्या चष्म्याचा स्क्रू सैल झाल्याचं निमित्त होतं. आत येताना फ्रेम लावलेल्या उभ्या स्टँडला त्याचा खांदा लागला आणि सगळं खडखडलं. दुकानाचे मालक, ज्यांना ती काका म्हणायची, भिंगातून डोळा न काढता म्हणाले, "गिऱ्हाईक आहे की वादळ?" स्क्रू एका मिनिटात बसला. तो पाऊण तास थांबला. ती काच घासत होती, तो शेजारी उभा राहून विचारत होता की हे काय, ते कशाला. आणि प्रत्येक वेळी तिने काही सांगितलं की तो पूर्ण वळून, तिच्या तोंडाकडे बघून ऐकायचा. काका घरी जाताना एवढंच म्हणाले की बाई, हा माणूस स्क्रू घट्ट करायला आला नव्हता.

फोन सुरू झाले. तो रोज सांगायचा, आज कोण आलं होतं. नवरा-बायको भांडत फेऱ्या मारून गेले, एक म्हातारे गृहस्थ गाडीत बसून नुसते रडले आणि न चालवताच उतरले. ती सांगायची, आज कुणाचा नंबर वाढला. आईला तिने फार काही सांगितलं नव्हतं. पण घरात महिनाभर कुणी मोठ्याने बोललं नव्हतं, आणि आता लेक स्वयंपाकघरात गुणगुणत होती, हे आईला ऐकू येत होतं. आईने एकदाच विचारलं, चांगला आहे का गं? ती म्हणाली, "बघतो चांगला." आईला याचा अर्थ लागला नाही.

आकाश कोरडं ठणठणीत असलेल्या एका सकाळी तिच्या तीन फेऱ्यांची वेळ आली.

हेल्मेट त्यानेच चढवलं. हनुवटीखालचा पट्टा बांधताना त्याची बोटं तिच्या गळ्याला लागली, आणि दोघंही काही झालंच नाही असं दाखवत राहिले. गाडीत बसायचं म्हणजे बसायचं नव्हतंच, खाली उतरायचं होतं. विहिरीत पाय सोडल्यासारखं. पाठ जवळजवळ जमिनीला टेकली. स्टिअरिंग तिच्या सवयीच्या उलट्या बाजूला होतं, आणि बाबांच्या जुन्या गाडीत ती जिथे बसून चालवायची त्या बाजूला तो बसला होता. त्याच्या पायाशी एक जादा ब्रेक होता. दार वरून खाली आलं. मग त्याने बटण दाबायला सांगितलं.

आवाज कानांतून आला नाही. आधी पाठीच्या मणक्यातून वर चढला. आजवर तिने चालवलेली एकच गाडी, बाबांची, सुरू केली की खोकायची. हिने एकदा श्वास घेतला आणि धरून ठेवला.

"पाय सावकाश," तो म्हणाला. "तिला विचार, सांगू नकोस."

पहिली फेरी तिने अशी मारली की बाबांची बससुद्धा पुढे गेली असती.  त्याचा आवाज हेल्मेटमधल्या स्पीकरमधून अगदी कानात येत होता, हळू, न घाबरता. आता डावीकडे. आता बघ कुठे जायचंय; गाडी नजरेच्या मागे येते. दुसऱ्या फेरीत सरळ रस्त्यावर त्याने सांगितलं, आता दे. तिने पाय दाबला आणि कुणीतरी पाठीत दोन्ही हात घालून ढकलावं तशी ती सीटमध्ये रुतली. बाजूचं गवत पुसून गेलं. हसू आलं की हुंदका ते तिला कळेना. ती "बाबा" म्हणाली. मोठ्याने नाही. पण स्पीकर दोन्हीकडे चालू होता.  त्याचा हात क्षणभर तिच्या मनगटावर आला आणि मागे गेला.

तिसऱ्या फेरीत तिला भीती उरली नव्हती. सरळ रस्ता संपत आला होता, पुढे वळण. "दाब अजून," तो म्हणत होता. "आहे जागा, दाब."

त्याच्या बाजूला, कठड्याला लागून, मैदानावरचा माणूस पिवळा झेंडा हलवत होता. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, हळू व्हा. हे बसायच्या आधी त्यानेच तिला शिकवलं होतं. आणि असंही सांगितलं होतं, की झेंड्यांची काळजी तू करू नकोस, तू रस्ता बघ, झेंडे मी बघतो. झेंडा त्याच्या दारापासून दोन हातांवरून गेला.

"दाब," तो म्हणाला.

तिने ब्रेक मारला. गाडी किंचाळत, नाक खाली घालत थांबत गेली. वळणाच्या पलीकडे आधीच्या गिऱ्हाइकाची पांढरी गाडी आडवी फिरून रस्त्यात उभी होती, त्याचा शिकवणारा अजून आतच होता, आणि तो भांबावलेला माणूस खाली उतरून रस्त्याच्या मधोमध हेल्मेट काढत होता. राणीसरकार त्याच्यापासून दहा-बारा पावलांवर थांबली.

मास्तर पांढरा पडला होता. "तुला कसं कळलं?"

"झेंडा होता ना," ती म्हणाली.

"कुठे?"

तिने सांगितलं कुठे. त्याने मान मागे वळवून बघितलं. झेंडेवाला अजून तिथेच उभा होता, हात हलवत. मास्तर बराच वेळ तिकडे बघत राहिला. मग म्हणाला, उन्हात दिसलं नसेल. ऊन त्यांच्या पाठीमागे होतं.

ती शेडमध्ये खुर्चीवर बसली आणि तिच्या डोक्यात एकेक गोष्ट येऊन जागेवर बसायला लागली. समोर येईपर्यंत ती न दिसणं. बाजूने धरलेला कप. स्टँडला लागलेला खांदा. आणि ते पूर्ण वळून बघणं, ज्याच्या आठवणीवर ती महिनाभर तरंगत होती... सहा वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघायचं काम करणारी बाई ती. रस्त्यावरच्या अनोळखी माणसात तिने हे पहिल्या दिवशी ओळखलं असतं. याच्यात तिला ते दिसलं, पण तिने त्याचा अर्थ प्रेम लावला.

तो आला. नेहमीसारखं हसायचा प्रयत्न करत होता. तिने त्याला समोरची खुर्ची ओढायला सांगितली, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

"माझ्या नाकाकडे बघ," ती म्हणाली. "डोळे हलवायचे नाहीत."

"नाकाकडेच का?" तो म्हणाला. "बाकीच्याने काय घोडं मारलंय?"

ती हसली नाही. तिने दोन्ही हात दोन बाजूंना लांब पसरले, बोटं हलवत. म्हणाली, बोटं दिसली की सांग. तो तिच्या नाकाकडे बघत होता, ओठांच्या कोपऱ्यात हसू घेऊन. हात हळूहळू जवळ यायला लागले. त्याच्या खांद्यांच्या रेषेत आले. त्याच्या कानांच्या रेषेत आले. त्याला वाटत असावं की आता ती त्याचा चेहरा ओंजळीत धरणार आहे. त्याचा श्वास थांबल्यासारखा झाला होता. हात आणखी आत आले, जवळजवळ तिच्या स्वतःच्या गालांना लागले.

"आता दिसली," तो म्हणाला.

मग त्याने तिच्या डोळ्यांत पाणी बघितलं. "काय झालं? लवकर सांगायला हवं होतं का?"

तिने सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. बाजूचं तुला दिसत नाहीये, आणि हे आजचं नाही, वर्षानुवर्षं चाललंय. हळूहळू जातं म्हणून ज्याचं जातं त्याला कळत नाही. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जायचं. आणि आज दुपारपासून कुणाच्याही शेजारी बसायचं नाही.

"दुपारी चार जण आहेत माझ्याकडे," तो म्हणाला.

"म्हणूनच."

"डॉक्टरने सांगितलं तर सोडीन. तू डॉक्टर नाहीस."

"नाही. पण तू नाही सांगितलंस तर मी ऑफिसात जाऊन सांगणार आहे."

"तू सांगशील?"

"हो," ती म्हणाली. "तो माणूस रस्त्यात उभा होता. त्याच्या घरी कुणीतरी असेल ना. एकदा चहा घेऊन उठवायला गेलेय मी, मला माहीत आहे ते."

तो उठला. त्याने डगला काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि ऑफिसकडे चालत गेला. तिने त्याला थांबवलं नाही. पत्र्याखाली ती एकटी बसून राहिली, हेल्मेट मांडीवर घेऊन.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डोळ्यातला दाब कधीचा वाढलेला होता. घरात कुणाला आहे का विचारलं, तेव्हा त्याला आठवलं की त्याचे वडील शेवटी शेवटी दाराच्या चौकटींना आपटायचे, आणि सगळे म्हणायचे म्हातारपण आहे. गेलेलं परत येणार नव्हतं. रोज वेळेवर थेंब घातले तर उरलेलं राहील, असं डॉक्टर म्हणाले. आणखी वर्षभर कळलं नसतं तर हेही राहिलं नसतं. गाडी चालवायची नाही, कधीच नाही, शिकवायचीही नाही. हे सांगताना डॉक्टर कागदावर लिहीत होते. मास्तरने फक्त मान हलवली, आणि बाहेर येऊन खिशातून गाडीची किल्ली काढत तिला म्हणाला, "चल, तुला बसस्टॉपपर्यंत सोडतो." मग त्याच्या लक्षात आलं, आणि ते दोघं तिथे पायरीवर बसले.

मैदानाच्या मालकाने त्याला टाकलं नाही. खिडकीमागे बसून नोंदणी कर म्हणाला. तो पंधरा दिवस बसला. खिडकीतून रस्ता दिसत नव्हता, पण आवाज यायचा, आणि आवाजावरून त्याला कळायचं की कोण चुकीच्या जागी पाय उचलतंय. सोळाव्या दिवशी तो गेलाच नाही.

ती मात्र चुकली नाही. सकाळी सातला फोन, थेंब घातलेस का. रात्री नऊला फोन, थेंब घातलेस का. रविवारी ती त्याच्या खोलीवर जायची. टेबलाचे कोपरे भिंतीकडे वळवून दिले, दारात पडलेल्या चपला उचलून ठेवल्या, जिन्याच्या शेवटच्या पायरीला पांढरी पट्टी चिकटवली. रस्त्याने चालताना ती त्याच्या थोडी पुढे, समोर दिसेल अशी चालायची. तो रागवायचा नाही. हसायचा नाही. पूर्वीसारखी मस्करी करायला जायचा आणि मध्येच सोडून द्यायचा, जसं कुणी चढ बघून सायकलवरून उतरतं. एका रविवारी तिने त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला, खूप वेळ. आणि त्या हातातच तिला कळलं की हा कुठेतरी जायला निघालाय.

त्याची मोठी बहीण दुसऱ्या गावी होती, दिवसभराच्या प्रवासावर. भावोजींचं इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. इंजिनाला काय दुखतंय ते नुसतं ऐकून सांगणारा माणूस त्यांना हवाच होता.

ज्या दिवशी तो निघाला त्या दिवशी तिने बाबांची जुनी गाडी काढली आणि त्याला बसस्थानकावर नेलं. सकाळची वेळ होती, गाडी खोकत खोकत चालली होती. तो शेजारी बसला होता. एकदाही त्याने गिअर बदल किंवा ब्रेक दाब म्हटलं नाही.

फलाटावर बस लागलेली होती. सुटायला वीस मिनिटं होती. तिने जे रात्रभर मनात घोळवलं होतं ते एका दमात सांगितलं.

"मीही येते. आता नाही, आईचं काहीतरी बघून. तिलाही घेऊन येईन. चष्म्याची दुकानं सगळीकडे असतात."

तो तिच्याकडे वळला. पूर्ण वळला, नेहमीसारखा.

"आत्ता येताना त्या कट्ट्याशी तू काय बघत होतीस?" त्याने विचारलं.

 त्याला कट्टा दिसतोय का, तेच ती बघत होती.

"हेच," तो म्हणाला. "तू आता माझ्याकडे बघत नाहीस. माझ्या डोळ्यांकडे बघतेस. दोन्हींत किती फरक आहे ते मला या दोन महिन्यांत कळलं."

"सवय जाईल ती."

"तुझी जाईल. माझी? मला सकाळी उठल्या उठल्या तुझा राग येतो. का येतो ते मलाच माहीत नाही. तू माझे डोळे वाचवलेस, आणि मी गादीवर बसून तुझ्यावर चिडलेला असतो. संध्याकाळ झाली की तुझी आठवण येते. एकाच माणसाला रोज हे दोन्ही द्यायचं म्हणजे... नको. तुला नको."

तिला भांडायचं होतं. असं थोडंच असतं, म्हणायचं होतं. पण दुकानात तिने कायम लोकांना नंबर खरा सांगितला होता, कमी करून नाही, आणि त्याने जे सांगितलं होतं ते खरं होतं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तू जे बघायचास माझ्याकडे... असा पूर्ण वळून. ते सगळं यामुळेच होतं?"

 खोटं सांगणं त्याला सोपं होतं, आणि ते तिने आनंदाने घेतलंही असतं.

"वळायचो यामुळे," तो म्हणाला. "पण परत समोर बघायला विसरायचो, ते तुझ्यामुळे."

कंडक्टरने शिट्टी दिली. त्याने पिशवी उचलली. पायरी चढताना त्याने दांडा चाचपून धरला आणि ती मदतीला पुढे झाली नाही. तिचे हात आपोआप उठले होते, ते तिने ओढणीत गुंडाळून घेतले. त्याला खिडकीची जागा मिळाली. ती खाली त्या खिडकीशी जाऊन उभी राहिली, काचेला हात लागेल इतक्या जवळ. तो समोर बघत बसला होता, फलाटाच्या पुढच्या टोकाकडे. ती तिथे असेल असं त्याला वाटलं असावं, कारण गेले दोन महिने ती कायम समोरच असायची.

"आहेस ना?" त्याने समोर बघतच विचारलं.

दोन पावलं पुढे गेली असती तर ती त्याला दिसली असती. पण तिचा सगळा चेहरा ओला झाला होता, आणि त्याने जाताना तो घेऊन जावा असं तिला वाटेना.

"आहे," ती म्हणाली, आवाज जमेल तितका सरळ ठेवून. "थेंब विसरू नकोस."

"नाही विसरणार."

बस हलली. तो समोर बघत, हात हलवत राहिला, जिथे ती नव्हती तिकडे; आणि ती त्याच्या अगदी शेजारून, खिडकीबरोबर चालत राहिली, फलाट संपेपर्यंत.